माळवदावरची झोप आणि किल्लारीची रात्र

मे महिन्यात लातूरकडच्या कुणालाही "रात्री झोप लागते का?" असं विचारून बघा. उत्तरात हमखास छत येतं. स्लॅब तापतोय, पत्रा तापतोय, पंखा नुसती गरम हवा खाली ढकलतोय. समोरचा माणूस साठीच्या पुढचा असेल तर पुढचं वाक्यही ठरलेलं असतं: "आमच्या माळवदात असं नव्हतं."

हे वाक्य अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्ध काय आहे, आणि ते माळवद गेलं कुठे, हा माझ्या प्रबंधातल्या एका प्रकरणाचा विषय आहे. मागे एकदा इथे लिहिलं होतं की मी मराठवाड्यातल्या घरांचा इतिहास लिहितेय, तेव्हा काहींनी विचारलं होतं, "घरांचा कसला इतिहास?" आज फक्त एका छताबद्दल आणि त्याच्यावर-खाली काढलेल्या रात्रींबद्दल सांगते.

ज्यांनी माळवद पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी आधी ते कसं असतं ते बघू. दोन ते तीन फूट जाडीच्या दगडी भिंती, दगडांच्या मधे चुना नाही, माती. आत लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर आडवी लाकडं, त्यावर किलचं नाहीतर फळ्या, मग तुराट्या किंवा पाला, आणि सगळ्यात वर पांढरी माती. चार खांबांच्या मधली जागा म्हणजे एक खण, आणि घराचा आकार खणातच सांगायचा. पांढरी माती म्हणजे गावठाणाची माती. आपल्याकडे शेताला काळी आणि गावाला पांढरी म्हणतात ते उगीच नाही. काळी माती पाण्यानं फुगते आणि वाळली की भेगाळते, छतावर ती चालत नाही. पांढरी दाबून बसते. दर वर्षी पावसाळ्याच्या आधी माळवदावरचं गवत काढून नवा थर टाकायचा, चोपायचा, पाणी उताराला लावायचं. छताच्या मधे उजेडासाठी आणि धुरासाठी एक भोक, त्याला कुठे साणं म्हणतात, कुठे सवणं. बाहेर खिडक्या जवळजवळ नाहीतच. असल्या तर लहान आणि उंचावर.

आता या छताचं उन्हाशी काय नातं आहे ते बघा. थोडं गणित आहे, पण कंटाळवाणं नाही.

उन्हानं छत वरून तापतं आणि ती उष्णता लाटेसारखी खाली उतरते. उतरताना लाटेचं दोन बाबतीत नुकसान होतं: तिला उशीर होतो आणि ती बारीक होत जाते. दीड फूट मातीच्या थरातून ती लाट खाली पोचायला साधारण १४ तास लागतात. पोचेपर्यंत तिचा जोर इतका कमी झालेला असतो की वरच्या चढउताराचा शंभरातला दोन-तीनच भाग खाली उरतो. म्हणजे वर पृष्ठभाग दुपारी पाय ठेवू देत नसला तरी आतल्या बाजूला त्याची खबरही नसते. याउलट पाच इंची सिमेंटचा स्लॅब घ्या. तिथे लाट तीनेक तासांत खाली येते आणि निम्मा जोर शाबूत ठेवून येते. दुपारी दोनचं ऊन संध्याकाळी पाच-सहाला तुमच्या पलंगावर उतरतं आणि मध्यरात्रीपर्यंत उतरतच राहतं. (हे आकडे मातीच्या आणि काँक्रीटच्या सर्वसाधारण गुणधर्मांवरून मीच काढलेत. तुमच्या घराचे थोडे इकडेतिकडे होतील, पण चित्र तेच राहील.)

म्हणजे माळवद रात्री थंड होतं? नाही. आजोबांचं वाक्य इथेच अर्धवट ठरतं.

माळवदाच्या आतलं तापमान दिवस-रात्रीच्या सरासरीभोवती घुटमळतं. मे महिन्यात दुपारी ४१ आणि पहाटे २६ असेल, तर सरासरी साधारण ३३. भर दुपारी बाहेरच्या ४१ पुढे आतलं ३३ म्हणजे स्वर्ग. पण रात्री बाराला बाहेर ३० असताना आतलं तेच ३३ म्हणजे कोंडी, त्यात खिडकी नाही, चुलीचा धूर, शेजारी बांधलेलं जनावर. माळवदाचं पोट होतं दुपारसाठी. रात्रीसाठी होती त्याची पाठ.

लोक रात्री वर जायचे. दिवस मावळला की माळवदावर पाण्याचा हलका शिपका मारायचा, थोड्या वेळानं वाकळा, घोंगड्या अंथरायच्या, तांब्याभर पाणी उशाला. वर वारं असतं हे एक कारण झालं, पण दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. उघड्या आकाशाखालचा पृष्ठभाग रात्री आपली उष्णता आकाशाकडे फेकत असतो. हवा कोरडी आणि आभाळ निरभ्र असेल तर तो आजूबाजूच्या हवेपेक्षाही गार होतो. १७७५ साली रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रजानं लंडनच्या रॉयल सोसायटीला अलाहाबादकडच्या बर्फ करण्याच्या पद्धतीबद्दल लिहून कळवलं होतं. हिवाळ्याच्या रात्री जमिनीत उथळ खड्डे करायचे, त्यात चिपाडं-पाचट पसरायचं, वर मातीची उथळ भांडी ठेवून त्यात थोडं पाणी ओतायचं आणि सूर्य उगवायच्या आत जमलेला बर्फ गोळा करायचा. हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसतानाही! पाण्याची उष्णता आकाशानं ओढून नेलेली असायची, आणि पाचटामुळे खालून जमिनीची ऊब वर येत नसायची. मे महिन्यात माळवदावर बर्फ होणार नाही हे उघड आहे, पण तत्त्व तेच. मातीचा पृष्ठभाग दिवसभर तापला तरी उष्णता खोल जात नाही, म्हणून रात्री वरचा थर लवकर निवतो. तुमच्या पाठीखालचा स्लॅब मात्र अख्खाच्या अख्खा तापलेला असतो, तो निवायला रात्र सरते.

लातूरला याचा फायदा जास्त मिळतो. शहर बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या वर आहे. नांदेड गोदावरीकाठी, साडेतीनशेच्या आसपास. दोन्हीकडचे लोक एकमेकांना "तुमच्याकडे काय उकाडा!" म्हणतात, पण रात्रीच्या बाबतीत लातूरकरांची तक्रार जरा कमी खरी मानायला हरकत नाही.

हे फक्त आपल्याकडचं नाही. बगदादमध्ये उन्हाळ्याची दुपार तळघरात आणि रात्र गच्चीवर काढायची पद्धत विसाव्या शतकातही चांगली रुळलेली होती. कोरड्या उष्ण मुलखातल्या माणसांनी जगभर हेच केलंय: दिवसाची खोली वेगळी, रात्रीची वेगळी, आणि अंथरूण उचलून नेता येईल असं. आपण 'बेडरूम' नावाची एकच पक्की जागा धरून बसलो आणि मग त्या जागेला रात्रभर थंड करायची जबाबदारी यंत्रावर टाकली.

पण माळवदावरच्या झोपेचं फार कौतुक करण्याआधी विचारायला हवं की वर कोण झोपायचं. पुरुष आणि पोरं. बायकांची रात्र बहुतेक खाली सोप्यात, फार तर आतल्या चौकात. घरातली नवी सून वर मोकळ्यावर झोपली असं क्वचितच व्हायचं. पारावर, देवळाच्या ओट्यावर कोण पथारी पसरू शकतं हे जात ठरवायची. आणि गावाच्या कडेला कुडाच्या भिंती, गवताचं नाहीतर पाचटाचं छप्पर असलेल्या घरांना माळवद नव्हतंच. त्यांची रात्र अंगणात, विंचू-काट्याच्या भीतीनं बाजेवर. त्यात वळवाचा पाऊस आला की सगळ्यांचीच पळापळ. "सुखाची झोप" हा शब्द गावात सगळ्यांसाठी एकाच अर्थाचा नव्हता.

आता ३० सप्टेंबर १९९३.

आदल्या संध्याकाळी गणपतींचं विसर्जन झालं होतं. मिरवणुका संपवून लोक उशिरा झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातल्या किल्लारीजवळ ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आताचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांत मिळून आठ ते दहा हजार माणसं गेली. मोजणी कुणाची धरता त्यावर आकडा बदलतो. भूकंपाच्या नकाशात हा भाग तोवर देशातल्या सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात होता.

६.२ हा जगाच्या हिशेबात मध्यम भूकंप. इतकी माणसं का गेली याची उत्तरं अभियंत्यांनी लगेचच दिली: पहाटेची वेळ, आणि घरं. पण माझ्यासारख्या घराचा आणि झोपेचा इतिहास बघणाऱ्या माणसाला तिसरी गोष्टही दिसते, ऋतू. सप्टेंबर अखेर म्हणजे पावसाळ्याचा शेवट. माळवद ओलं, रात्री गारवा, लोक आत. हाच धक्का मे महिन्यातल्या पहाटे बसता तर निम्मं गाव अंगणात, चौकात, उघड्यावर असतं. माळवदावर झोपलेल्यांचं काय झालं असतं ते सांगता येत नाही, पण भिंतीच्या पायथ्याशी झोपलेले खूप कमी असते. हा अंदाज आहे, पुरावा नाही. तरी प्रबंधात तो मी ठेवलाय, कारण त्या रात्री कोण कुठे झोपलं होतं हाच जगण्या-मरण्याचा फरक होता.

आणि घरानं नेमकं मारलं कसं? ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं इथून निघतं.

जाड भिंत बाहेरून एकसंध दिसते, पण ती दोन पातळ भिंतींची असते. आतल्या बाजूचा एक थर, बाहेरच्या बाजूचा एक थर, आणि मधे बारीक दगड-गोट्यांचा, मातीचा भराव. हे दोन थर बांधून ठेवायला अधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड घालावा लागतो. तो बहुतेक घरांत नव्हता. धक्का बसला की दोन्ही थर एकमेकांपासून सुटतात, फुगतात आणि ढासळतात. वर छताचं ओझं. दर वर्षीच्या थरानं माती दीड-दोन फुटांवर गेलेली, म्हणजे एका चौरस मीटरवर सहा-सातशे किलो. दहा बाय दहाच्या खोलीवर सहा टनांच्या आसपास! झोपलेल्या माणसांवर हे सगळं कोसळलं.

पण कितीतरी ठिकाणी भिंती पडल्या आणि आतला खांब-तुळयांचा सांगाडा उभाच राहिला. सांगाडा सुतारानं बांधलेला, सांध्यात थोडा हलणारा, म्हणून तो हलला आणि टिकला. कुडाच्या झोपड्याही टिकल्या. गावात ज्याचं घर सगळ्यात भक्कम, ज्याच्या भिंती सगळ्यात रुंद, त्याच्या घरात जास्त माणसं दबली, असं उलटं घडलं.

म्हणजे माती किंवा दगड मुळात खुनी नव्हते. आरपार दगड नसणं, मातीचा न थांबता वाढत गेलेला थर, भिंतींना चारी बाजूंनी बांधणारा पट्टा नसणं, ही कारणं. ती सगळी दुरुस्त करता येण्यासारखी होती, आणि हे तेव्हाच माहीत होतं. भूकंपानंतर जागतिक बँकेच्या कर्जातून जो पुनर्वसन कार्यक्रम झाला, त्याच्या दुरुस्ती-बळकटीकरणाच्या भागात हेच उपाय सांगितलेले होते: भिंतीत आरपार काँक्रीटचे दुवे घाला, छतावरची जादा माती उतरवा, खांब-तुळईच्या सांध्याला तिरपे आधार द्या, पट्टा बांधा. गावोगावी हे समजावून सांगायला बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. सहा टनांचं छत तीन टनांवर आणलं असतं तरी दुपारचा गारवा फारसा गेला नसता. आठ-नऊ इंच मातीचा थरही लाटेचा चार-पंचमांश जोर मारतो.

पण ज्यानं स्वतःच्या हातानं दगड उपसून घरची माणसं बाहेर काढली, त्याला "हाच दगड पुन्हा नीट रचू" हे सांगणार कसं? दुरुस्तीच्या पैशातून अनेकांनी जुनं घर बळकट न करता शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. ज्यांना ते जमलं नाही त्यांनी पत्रा टाकला. डोक्यावर जड काही नको, एवढंच पाहिजे होतं. मला यात चूक काढता येत नाही. कागदावर उष्णतेच्या लाटा मोजणं सोपं आहे.

तरी परिणाम सांगायलाच हवा. घरबांधणीत वापरल्या जाणाऱ्या छतांमधलं सगळ्यात हलकं, सगळ्यात लवकर तापणारं छत म्हणजे पत्रा. तो भूकंपात मारत नाही, पण मे महिन्यात दुपारी आत बसू देत नाही. माळवदाची दुपार गेली. आणि पत्र्यावर चढून झोपता येत नाही, म्हणून माळवदाची रात्रही गेली.

जी ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी बसवली तिथे वेगळंच झालं. घराचं आकारमान जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यापुढे ७५०. सरळ रेषेत आखलेले रुंद रस्ते, सुटी सुटी घरं. जुन्या गावातल्या गल्ल्या अरुंद होत्या, भिंतीला भिंत लागून होती, त्यामुळे गल्लीत दिवसभर सावली असायची. नव्या गावात प्रत्येक घराला चारी बाजूंनी ऊन. गुबाळ गावात तर घुमटाकार घरं उभी केली गेली. रोहित जिज्ञासू यांनी २००२ साली नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या विद्यापीठात मराठवाडा आणि नेपाळ यांच्यावर जो प्रबंध लिहिला, त्यात नव्या गावांची शहरी आखणी आणि गावाची खरी राहणी यातलं अंतर तपशिलात आलंय. मिळाला तर जरूर वाचा.

इतिहासकाराची अडचण अशी की झोप कागदावर येत नाही. गॅझेटियरमध्ये पाऊस सापडतो, पिकं सापडतात, आठवडी बाजार सापडतो. रात्री गाव कुठे झोपायचं ते नाही. जनगणना छताचं साहित्य विचारते, पण २०११ च्या जनगणनेत गवत, बांबू, लाकूड आणि माती हे सगळं एकाच रकान्यात आहे. म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या टिकलेलं सागवानी खणांचं माळवद आणि दर दोन वर्षांनी बदलायचं गवती छप्पर, सरकारच्या लेखी एकच. दोन्ही 'कच्चं'. कच्चं म्हणजे जाणारं, पक्कं म्हणजे स्लॅब. घरकुलाच्या यादीतही हाच हिशेब आहे, आणि त्यात २५ चौरस मीटरचं जे पक्कं घर मिळतं त्यात उकाड्याचा विचार नावापुरताही दिसत नाही. पक्क्या घराची लोकांना गरज आहे, यात मला शंका नाही. पण 'पक्कं' या शब्दात रात्रीची झोप कधी मोजलीच गेली नाही.

मग स्लॅबखाली झोपायचं कसं, तर कूलर. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो. एक लिटर पाणी हवेत उडून जाताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता घेऊन जातं. पण कूलरला वीज लागते, आणि २००५ नंतरची भारनियमनाची वर्षं ज्यांनी खेड्यात काढलीत त्यांना त्याबद्दल सांगायला नको. आणि कूलरला पाणी लागतं. २०१६ च्या मार्चमध्ये लातूर शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. मांजरा धरण कोरडं पडलं होतं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. एक कूलर रात्रभरात ४०-५० लिटर सहज पितो. म्हणजे ती अख्खी गाडी दहा हजार कूलरची एका रात्रीची तहान! त्या उन्हाळ्यात बादलीभर पाणी कूलरमध्ये ओतायचं की उद्यासाठी ठेवायचं, हा प्रश्न घरोघरी होता. माळवदाला तेवढं पाणी कधीच लागलं नाही.

हवामान खातं आता 'उष्ण रात्र' वेगळी मोजतं: दिवसाचं तापमान ४० च्या वर गेलेलं असेल आणि रात्रीचं किमान तापमान नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी किंवा जास्त वर असेल, तर ती उष्ण रात्र. शरीराला झोप लागण्यासाठी आतलं तापमान थोडं उतरावं लागतं. ते उतरलं नाही तर दिवसभराचा ताण दुसऱ्या दिवशीवर जातो. पण खात्याचं हे मोजमाप उघड्यावरच्या हवेचं आहे. पत्र्याखालची किंवा स्लॅबखालची रात्र त्याहून किती गरम आहे, हे कुठल्याच नोंदीत नाही.

"मग आम्ही काय करायचं?" असं तुम्ही विचाराल. मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, बांधकामातली नाही, पण वरच्या गणितातून जे सरळ निघतं ते सांगते. स्लॅब असेल तर उन्हाळ्याआधी वरून पांढरा चुना मारा. ताजा चुना बरंचसं ऊन परत फेकतो, आणि इथे पाणी लागतं ते एकदाच. गच्चीवर झोपत असाल तर थेट स्लॅबवर गादी टाकू नका, बाज टाका, खालून हवा जाऊ द्या. दुपारी खिडक्या बंद आणि रात्री उघड्या, हे जुन्या लोकांना सांगावं लागत नव्हतं. पत्रा असेल तर पत्र्याखाली तुराट्यांचं किंवा बांबूचं आढं टाकून मधे हवेची पोकळी सोडा. आणि गावात जुनं माळवद अजून उभं असेल तर पाडण्याआधी एखाद्या जाणत्या अभियंत्याला दाखवा. भिंतीत आरपार दगड आहेत का आणि वरची माती किती इंच आहे, हे दोन प्रश्न आधी विचारा.

निलंगा, औसा, उदगीर भागात अशी घरं अजून आहेत. तुमच्या घरात किंवा आजोळी माळवद असेल, तर मला तीन गोष्टी कळवाल का: छतावरच्या मातीची जाडी, शेवटचा थर कोणत्या वर्षी टाकला, आणि उन्हाळ्यात वर झोपणं कधी बंद झालं. बायका वर झोपायच्या का, हेही आवर्जून विचारा. त्याचं उत्तर बहुतेक घरातली पुरुष माणसं देतात, तेव्हा आजीलाच विचारलेलं बरं.